अलावेर्दी

शाल्वा दुकानात शिरला तेव्हा त्याचा डावा गाल
डाळिंबासारखा तटतटलेला.
दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी काउंटरवर ठेवली,
ती उडू नये म्हणून वर टोपी ठेवली,
आणि विचारलं ते गोळ्यांबद्दल नव्हतंच.
“लामारा, शनिवारी पुतणीच्या लेकीचं लग्न आहे. चालेल ना?”

काय चालेल, हे काखेतीत विचारावं लागत नाही.
इथे प्रत्येक घराच्या पोटात, जमिनीखाली,
गळ्यापर्यंत पुरलेले वाइनचे रांजण आहेत.

चिठ्ठीत दोन नावं होती.
म्हटलं, पहिली तशी समजूतदार आहे,
एखादा पेला गेला तर आकांत करणार नाही,
फक्त तू जास्त गळून जाशील.
लोक सगळ्या अँटिबायोटिक्सना एका माळेचे मणी समजतात.
तसं नसतं.
पण ही दुसरी, मेट्रोनिडाझोल,
हिचं आणि दारूचं विळ्याभोपळ्याचं सख्य.
एक घोट, की तोंड लालभडक, छातीत धडधड,
नवरीच्या पायाशी ओकत बसशील.
सगळ्यांनाच होतं असं नाही;
काही डॉक्टर म्हणतात, भीती जरा फुगवलेली आहे.
पण ते तपासून बघायची जागा लग्नाचा मांडव नव्हे.
शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस नाही.

“नाही म्हणजे किती नाही?”
थेंब नाही.
“मग शनिवारी गोळी नाही घेत.”
हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते.
म्हटलं, शाल्वा, गालातला पू
शनिवारची सुट्टी घेत नाही.

एक्केचाळीस वर्षं तो या गावाचा तामादा.
टेबलाच्या डोक्याशी उभं राहायचं,
कुणाच्या नावाने प्यायचं ते सांगायचं,
आणि सगळ्यांच्या आधी शिंगातली वाइन तळापर्यंत संपवायची.
मेलेल्यांचं नाव पाण्याने घ्यायचं?
त्याने माझ्याकडे आणि गोळ्यांच्या पाकिटाकडे
एकाच नजरेने पाहिलं.

शनिवारी मीही होते. अक्रोडाच्या वाटणातली वांगी,
द्राक्षाच्या वेलीखाली दीडशे माणसं.
शाल्वा उठला. शिंग उचललं.
शांततेसाठी, म्हणाला, आणि नेहमीसारखं सुरेख बोलला,
अर्ध्या तोंडाने.
मग शिंग ओठांशी न नेता
रांजण घडवणाऱ्या गुरामपुढे धरलं:
अलावेर्दी.
म्हणजे, शब्द तुझ्या हाती दिला, पुढचं तू बोल.

गुराम कधी बोलत नाही. तो मातीशी बोलतो.
तो उभा राहिला, कानांपर्यंत लाल झाला
(त्याने कुठलीच गोळी घेतली नव्हती)
आणि धाकट्या भावाचं नाव घेतलं,
जे बारा वर्षांत कुणी त्याच्यासमोर घेतलं नव्हतं.
पुढचं शिंग बसवाल्या ओमारकडे गेलं.
मग शाळेतल्या बाईंकडे.
मग एका पोराकडे, तो नुसता रडला, तेही चाललं.

आठवा जाम आयांसाठी, बायकांसाठी.
शाल्वाने सवयीने दीर्घ श्वास घेतला,
दातात कळ गेली असावी, तो थांबला,
आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

त्सिसाना तिथे उभी होती.
एक्केचाळीस वर्षं तिने नवऱ्याचे जाम मोजले ते
मटण केव्हा पाठवायचं एवढ्यासाठी.
ती हात पुसत आली. शिंग घेतलं.
म्हणाली, आमच्या लग्नात याने माझ्या नावाने प्यायली.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी बघत होते. हा शिंगात बघत होता.

मग तिने ते एका दमात रिकामं केलं,
उलटं करून दाखवलं. एक थेंब पडला, चादरीवर.

पहिला हसला तो शाल्वाच,
आणि लगेच गाल धरून खाली बसला.

गुरुवारी तो आला. सूज उतरलेली.
“झाले तीन दिवस?”
झाले, म्हटलं.
तरी निघेना. टोपी घातली, काढली.
“त्सिसाना विचारतेय,
पुन्हा दात कधी दुखेल.”

म्हटलं, उजवी बाजू दाखवून घे.